स्पीकरच्या पाठीवरचा आकडा

२९ जानेवारी

गुंड्या,

आशीर्वाद आहेतच, ते शेवटी घे. आधी कामाचं.

फोन सोडून ताईला पत्राचं खूळ कुठून आलं, असं म्हणशील. अरे, घर दोन खोल्यांचं, आणि तुझ्या भावजींना हल्ली भिंतीपलीकडची कुजबुजसुद्धा ऐकू येते. मोबाईलवर लिहून पाठवावं तर तो आम्ही बोलका करून घेतलाय, आलेला प्रत्येक निरोप मोठ्यांदा वाचून दाखवतो. राहिला कागद. स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवून उभ्यानेच लिहितेय.

मोबाईल बोलका का करावा लागला ते आता सांगते, जरा बसून वाच. त्यांचे डोळे गेले. "थोडे अधू झालेत" असं मी तुला सांगत आले ते खोटं होतं. काचबिंदू. आधी बाजूचं दिसेना, मग समोरचं, आणि गेलं दीड वर्ष फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळतं. कुणाला सांगायचं नाही, तुझ्या भावाला तर मुळीच नाही, असा त्यांचा हुकूम. टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये बसून अख्ख्या इमारती उचललेला माणूस, त्याला तुझी कीव नकोय. मी इतके दिवस हुकूम पाळला. आता नाही पाळवत.

दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतात. मी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर असते, संध्याकाळी येते तर सकाळचा चहा तसाच. काठी घेऊन चालायला शिकवणारा माणूस आला होता, त्याला दारातूनच वाटेला लावलं. जुने सोबती भेटायला येऊ का विचारतात, तर नाही म्हणून सांग म्हणतात. गुंड्या, मला भीती वाटते. हा माणूस असाच पडून पडून संपेल.

एकच गोष्ट हाताशी आहे. त्यांना चित्रपटांचं वेड, ते तुला माहीत आहे. कामावरच्या लोकांनी मिळून त्यांना निरोपाची भेट म्हणून स्पीकर दिले होते. पाच स्पीकर आणि एक घुमणारा डबा. पुढचे दोन कमरेएवढे उंच, मधला आडवा, मागचे दोन लहान. पण ते चालवणारं मशीनच दिलं नाही! मुकादमांना वाटलं, ते आतच असतं. तेव्हापासून सगळं खोक्यात पडून होतं. मागच्या आठवड्यात ते आपणहून म्हणाले, "ते लावले तर कोण कुठून आलं हे ऐकून तरी कळेल." दीड वर्षात पहिल्यांदा काहीतरी मागितलं त्यांनी.

तुझं आयुष्य या वस्तूंच्या दुकानात गेलं, तेव्हा मशीन तू निवड. दोन गोष्टी सांगते. एक म्हणजे त्याला खरीखुरी, हाताला लागणारी गोल बटणं हवीत. पडद्यावर यादी उघडते आणि त्यातून निवडायचं, असलं काही नको. दुसरं, तू हमखास विचारशील म्हणून मागे वाकून बघितलं. पाचही स्पीकरांच्या पाठीवर घोड्याच्या नालेसारखी एक खूण आहे आणि तिच्याजवळ ४ लिहिलंय. बाकी इंग्रजीत बरंच काय काय आहे, पण तेवढंच ठळक आहे.

४ तारखेला दुपारी दवाखान्यातून तुझ्या दुकानावर फोन करीन. मागे रांग असते, घरचं बोलता येणार नाही, फक्त हो की नाही ते सांग.

ताई

&nbsp;

9 फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र आलं तेव्हा समोर गिऱ्हाईक होतं. त्याला उद्या या म्हटलं आणि आत गोदामात जाऊन बसलो. दीड वर्ष, ताई! मी दर महिन्याला फोनवर भावजींना "काय म्हणता, काय बघितलं नवीन?" असं विचारत होतो आणि ते मला अख्खी गोष्ट सांगत होते. कुठून सांगत होते कोण जाणे. मला तुझा राग आलाय, पण तो भेटल्यावर. भावजींसमोर मला काही माहीत नाही, असंच मी वागेन.

8 तारखेला दुपारभर तुझ्या फोनची वाट बघत बसलो. जेवायलासुद्धा उठलो नाही. केलास का? नाही केलास. असो.

आता मशीन. त्याला रिसीव्हर म्हणतात, आणि तुझ्या डोळ्यापुढे टेलिफोनचा येईल म्हणून आधीच सांगतो, तो नव्हे. चित्रपटाचा आवाज आत घ्यायचा, त्याचे पाच-सहा वाटे करायचे आणि ज्याचा वाटा त्या स्पीकरला पोचवायचा, हे त्याचं काम. ती घोड्याची नाल म्हणजे ओहम. स्पीकर करंटला किती अडवतो त्याचं ते माप. आकडा जितका लहान तितका स्पीकर मशीनकडून जास्त करंट ओढतो आणि मशीनची दमछाक होते. म्हणून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी पाठ बघून या म्हणतो. लोक वॅट विचारतात, रंग विचारतात, पाठ कुणी बघत नाही. तू न सांगता बघितलीस, शाब्बास.

8 आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. 8 म्हणजे अगदी सरळ गिऱ्हाईक, कुठलंही मध्यम मशीन हसत चालवेल. मी एक निवडलंय. पुढे दोन मोठी गोल बटणं आहेत, डावं फिरवलं की काय लावायचं ते, उजवं फिरवलं की आवाज. फिरवताना बोटाला टकटक लागतं, तेव्हा मोजता येईल. बरोबर एक छोटा माईक आहे. भावजी बसतात तिथे, त्यांच्या कानाच्या उंचीवर तो ठेव आणि खोलीत कुणी बोलू नका. मशीन एकेका स्पीकरमधून शिट्टी वाजवून अंतर स्वतःच मापून घेईल. तारा कशा लावायच्या त्याचं चित्र काढून सोबत घातलंय. लाल ते लाल, काळं ते काळं.

गुंड्या

&nbsp;

१६ फेब्रुवारी

गुंड्या,

मशीन आलं. लावलं मी. एकटीने लावलं, हे मुद्दाम सांगते.

आधी भांडण. ४ तारखेला मी तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तुझ्या दुकानातल्या बाईंनी सांगितलं, साहेब बाहेरगावी गेलेत. आणि तू खुशाल लिहितोस, ४ ला जेवायला उठलो नाही! लहानपणी दूध सांडून मांजराचं नाव सांगायचास, तो स्वभाव काही गेला नाही.

बरं, ते जाऊ दे, आज मी खुशीत आहे. माईकचा कार्यक्रम झाला. तो त्यांच्या खुर्चीवर उशीवर ठेवला आणि आम्ही दोघं बाहेर जिन्यात उभे राहिलो. दीड वर्षात दवाखाना सोडून ते दाराबाहेर आले ते एवढेच. आतून शिट्ट्या ऐकू येत होत्या. वरच्या मजल्यावरच्या बाई खाली येऊन विचारायला लागल्या, कुकर राहिलाय का म्हणून. ते हसले रे. मोठ्याने नाही, नाकातल्या नाकात, पण हसले.

मग एक जुना चित्रपट लावला, आवाज बेताचा ठेवून. ते बोटाने दाखवत होते, आता हा डावीकडून आला, ती बाई मागे आहे, दार उजवीकडे आहे. मी पडद्याकडे बघून ताडून पाहिलं, एकही चुकलं नाही. मध्येच मला म्हणाले, "तू बघू नकोस, डोळे मीट." मी मिटले. थोडा वेळ दोघं तसेच बसलो.

आणि आता खरी बातमी. जेवताना आपणहून म्हणाले, त्या लोकांना बोलाव रविवारी, त्यांचे स्पीकर त्यांना ऐकू तरी देत. मुकादम, दुसऱ्या क्रेनवरचा लंबू, हूक बांधणारे दोघं, सगळे येतायत. मी ताट तसंच ठेवून आत जाऊन तोंड धुवून आले.

त्यांना म्हटलं, गुंड्याने निवडलंय मशीन. म्हणाले, त्याला अक्कल आहे. मी पण मान्य करते, ४ तारीख सोडून.

ताई

&nbsp;

20 फेब्रुवारी

ताई,

मी होतो म्हणजे होतो. त्याआधीच्या आठवड्यात बाहेरगावी गेलो होतो, ते बाईंनी सांगितलं असेल आणि तू दिवसांचा घोळ केलास. मांजराला मध्ये आणू नकोस.

रविवारची बातमी वाचून मी दुकानात सगळ्यांना चहा पाजला. कशाबद्दल ते सांगितलं नाही.

एक युक्ती सांगतो. क्रेनवरची माणसं आहेत, त्यांना नाजूक काही लावू नकोस. धडाका लाव. तो मोठा पूल कोसळतो तो चित्रपट तुमच्याकडे आहेच, तोच लाव, आणि पूल कोसळायला लागला की उजवं बटण चांगलं फिरव. आवाजाला घाबरू नकोस, तुझे स्पीकर 8 चे आहेत, मशीनला काही होत नाही. छाती दणाणली पाहिजे सगळ्यांची. पुढे वर्षभर बोलतील.

गुंड्या

&nbsp;

२५ फेब्रुवारी

गुंड्या,

लिहायला हात चालत नाही, तरी लिहिते.

रविवारी सहा जण आले. सुरुवातीला सगळे अवघडून बसले होते. त्यांच्याशी कोणी बोलेना, मलाच विचारत होते, साहेब बरे आहेत ना, जेवण जातं ना. मग चित्रपट सुरू झाला. पुलावरच्या क्रेनचा दोर चुकीचा बांधलाय यावरून लंबू आणि मुकादम यांची जुंपली, हे त्यात पडले, म्हणाले, "मागे डावीकडे कुणीतरी साखळी ओढतंय, ऐका, ती घसरणार." आणि घसरली! सगळे ओरडले. मुकादमांनी त्यांच्या पाठीत थाप मारली. मी दारात उभी होते, मला वाटलं, आला माझा माणूस परत.

मग पूल कोसळायला लागला. तू सांगितल्याप्रमाणे मी आवाज चढवला. खिडकीच्या काचा थरथरल्या, आणि ऐन मोक्याला मशीनमधून "खट्" असा आवाज आला आणि सगळं बंद. पडद्यावर पूल कोसळतोय आणि खोलीत काडी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. आम्ही सगळे मशीनकडे बघत राहिलो. त्यावर एक लाल दिवा लुकलुकत होता. कुणीच काही बोललं नाही, गुंड्या, हेच चुकलं. सात माणसं खोलीत, आणि एकाच्याही तोंडून शब्द नाही.

दिवा आम्हाला दिसत होता. त्यांना काय दिसणार? त्यांनी दोन्ही हातांनी कान दाबले, परत सोडले, आणि ओरडले, "माझे कान गेले! मला ऐकू येत नाही! ताई कुठाय?" मला ते नावाने हाक मारतात. तू मला म्हणतोस ते ताई तोंडातून निघालं, जे सुचलं ते. शेजारी लंबू होता, त्याचा सदरा धरून त्याला गदागदा हलवलं. मी धावत जाऊन "मशीन बंद पडलंय हो, मशीन!" असं ओरडले तेव्हा कुठे त्यांना कळलं. मग ते हळूच खाली बसले. सदऱ्याचं बटण हातात राहिलं होतं, ते लंबूला परत दिलं.

माणसं पाच मिनिटांत निघून गेली. ते भिंतीकडे तोंड करून झोपले ते अजून तसेच आहेत. काल एवढंच म्हणाले, मुकादमांना सांग, टेम्पो घेऊन या आणि स्पीकर घेऊन जा. मशीन तुझ्या भावाला परत पाठव.

काय पाठवलंस तू हे?

ताई

&nbsp;

1 मार्च

ताई,

वाचून सुन्न झालो. माझी चूक एवढीच की तारा लावायचं काम तुझ्या एकटीवर सोपवलं.

घडलंय ते असं. तारेच्या टोकाचा एखादा केस बाहेर राहिला असणार. आत बारीक बारीक तांब्याचे केस असतात, त्यातला एक जरी शेजारच्या तारेला लागला तर मशीन स्वतःचा जीव वाचवायला बंद होतं. लाल दिवा त्याचाच. दुसरं कारणच संभवत नाही, मशीन मी स्वतः दुकानात दोन दिवस वाजवून बघून पाठवलंय. सगळ्या तारा सोड, टोकं नीट पिळून परत लाव. घाई करू नकोस, चष्मा लावून कर. जमत नसेल तर एखाद्या इलेक्ट्रिशियनला बोलाव, सगळ्यांनाच सगळं येतं असं नाही.

भावजींना म्हणावं, साधी तार आहे. टेम्पो थांबव.

गुंड्या

&nbsp;

५ मार्च

गुंड्या,

चष्मा लावला. सगळ्या तारा सोडल्या. इलेक्ट्रिशियनलाही बोलावलं, कारण तुला माझी खात्री नाही. त्याने पाहिलं आणि विचारलं, कुणी लावल्या? म्हटलं मी. म्हणाला, मग मला कशाला बोलावलंत? एकही केस बाहेर नाही. परत लावलं, तेच पूल कोसळणं लावलं, आवाज तेवढाच चढवला आणि खट्. तोच लाल दिवा. ते आतून म्हणाले, "झालं का समाधान?"

आता मी बोलते आणि तू ऐक. मी काहीही लपवलं नव्हतं. पाच स्पीकर, पाचांच्या पाठीवर चार, हे पहिल्या पत्रात लिहिलं होतं. चार म्हणजे सरळ गिऱ्हाईक, असं तूच लिहिलंस. चार आहे म्हणून आवाजाला घाबरू नकोस, हेही तूच लिहिलंस. तुझी पत्रं आहेत माझ्याकडे, पिठाच्या डब्यामागे ठेवलीयत. एवढं सगळं शिकून दुकान थाटलंस आणि बहिणीला चारचं मशीन देता आलं नाही? वर मलाच सांगतोस, चष्मा लाव!

मुकादम रविवारी टेम्पो घेऊन येणार आहेत. स्पीकर गेले की त्यांच्याकडे उठून बसायला काही कारण उरणार नाही. मला स्पीकरांशी काही देणंघेणं नाही, तुझ्या मशीनशीही नाही. मला ते उठून बसायला हवेत. तुला काही करता येत असेल तर कर, नाहीतर तसं सांग.

ताई

&nbsp;

शनिवार, सकाळी, बसमध्ये

ताई,

हे पत्र पोस्टात टाकत नाही, दारात तुझ्या हातात देणार आहे. भावजींसमोर हे बोलता यायचं नाही आणि तोंडी सांगायला लागलो तर तू मला मध्येच मारशील.

तुझं पत्र वाचताना "चार" या शब्दाशी अडखळलो. चार कुठून आला? तू तर आठ लिहिलं होतंस. तुझं पहिलं पत्र काढलं. त्यात नालेजवळ जो आकडा आहे तो मी पुन्हा बघितला, भिंगातून बघितला, दुकानातल्या बाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, मराठी चार आहे साहेब, वरून जरा मिटलाय.

ताई, तुझा चार वरून मिटतो. वरची दोन टोकं तू एकमेकांना टेकवतेस. मी दिवसभर इंग्रजी आकडे बघणारा माणूस, दहातले नऊ स्पीकर आठचेच बघतो, मी तो इंग्रजी आठ वाचला. आणि मी जो इंग्रजी आठ लिहिला, तो घाईत वरून उघडा राहतो, तो तू मराठी चार वाचलास. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि मध्ये मशीन मेलं. फोनचंही तसंच झालं. तू चारला केलास आणि मी आठला वाट बघितली. मांजर निर्दोष आहे.

तुझे स्पीकर चार ओहमचे आहेत. मी पाठवलं ते मशीन आठचं. हळू आवाजात ते कसंबसं ओढत होतं, पूल कोसळल्यावर एवढा करंट त्याच्याच्याने देववेना. तुझ्या तारा पहिल्यापासून उत्तम होत्या. चष्म्याचे आणि इलेक्ट्रिशियनचे शब्द मी परत घेतो.

चार ओहम पेलणारं मशीन माझ्या मांडीवर आहे, आणि पाय बधिर झालाय यावरून ते बरंच दमदार असावं. बटणं याचीही गोल आहेत. दुकानात चार ओहमचे स्पीकर लावून, भिंतीवरचं कॅलेंडर पडेपर्यंत वाजवून बघितलंय. टेम्पोच्या आधी पोचतो.

गुंड्या

&nbsp;

वीस मार्च

गुंड्या,

मी तुझा भावजी. पुठ्ठ्याची पट्टी कागदावर धरून लिहितोय. ओळ ओळीवर चढली असेल तर समजून घे. आकडे अक्षरी लिहितोय, तुम्हा भावंडांचा भरवसा नाही.

मशीन उत्तम आहे. रविवारी टेम्पो आला तो रिकामा गेला, आणि मुकादम वर थांबले. परवा सगळे परत आले. पूल पूर्ण कोसळला. लंबूने या खेपेला बटणं नसलेला बनियन घालून येण्याचा विनोद केला. चांगला होता विनोद.

आता दुसरं. मला पेन ऐकू येतं. ही ओट्यावर लिहायची ते ऐकू यायचं, कागदाची घडी घालायची ते यायचं, पिठाचा डबा सरकवायची तेही यायचं. मी आंधळा झालोय, खुळा नाही. इतके दिवस चोरून कुणाला लिहिते, हे मी पडल्या पडल्या जुळवत होतो. मी असं जुळवलं की ही कंटाळली. तुला लिहितेय, मला घेऊन जा म्हणून. किंवा माझी कुठेतरी सोय करतेय, असतात तशा जागा. मी तिला दोष दिला नाही. मी तिच्या जागी असतो तर मीही कंटाळलो असतो. त्या दिवशी कान गेले असं वाटलं, तेव्हा पहिला विचार आला की आता तर ही नक्कीच जाणार.

त्या शनिवारी दार वाजलं. तुझा आवाज ओळखला. तुम्ही दोघं दारात काही बोलला नाहीत, आणि तू तिच्या हातात कागद दिलास, तो ऐकू आला. मी म्हटलं, आला न्यायला. मी खरंच उठून भिंतीला टेकून बसलो, की जाताना तरी मी पडलेला दिसू नये.

आणि मग ती तुझ्यावर ओरडली, "वरून मिटतो? माझा चार वरून मिटतो?" तू म्हणालास, आईचाही मिटायचा. ती म्हणाली, आईला मध्ये आणू नकोस. तासभर भांडलात. मशीन उंबऱ्यात, तुम्ही दोघं त्याच्या दोन बाजूंना. मग ती हसायला लागली ती थांबेच ना. दीड वर्षात या घरात ती माझ्यासमोर ना भांडली ना हसली. माझ्याशी दवाखान्यात बोलतात तसं बोलते, हळू आणि गोड. मी तिकडे बसून ऐकत होतो आणि मला रडू आलं, ते तुम्हाला कळलं नाही, कारण तुम्ही भांडत होतात.

तू गेल्यावर मी तिला म्हटलं, ती सगळी पत्रं काढ आणि मला वाचून दाखव. नाही म्हणाली. मग वाचली. सगळी, माझे कान गेल्याचंसुद्धा. वाईट वाटलं. तू मला दर महिन्याला विचारायचास तेव्हा मी त्या गोष्टी रेडिओवर ऐकून सांगायचो, हे तुला माहीत असू दे.

पण वाचताना एक लक्षात आलं. त्या सगळ्या पत्रांत मी "ते" आहे. त्यांना मशीन हवं, ते पडून असतात, त्यांना म्हणावं तार आहे. ते लोक पहिल्यांदा आले तेव्हाही मला बाजूला बसवून हिला विचारत होते, साहेबांना जेवण जातं ना. डॉक्टर हिला विचारतो, यांना दुखतं का. मी तिथेच बसलेलो असतो रे. तुम्ही कुणी वाईट नाही, पण दीड वर्षात मला "तुम्ही" म्हणून कुणी काही विचारलं नाही.

ताईला पत्र जरूर लिही, भांडत जा, तिला बरं असतं. पण मला वेगळं लिही. ती वाचून दाखवेल.

काठीवाल्या माणसाला मीच फोन केलाय. मंगळवारी येतो म्हणाला.

भावजी

&nbsp;

पंचवीस मार्च

भावजी,

नमस्कार. ताई, तू फक्त वाच, मध्ये थांबू नकोस आणि आपलं काही घालू नकोस.

तुमचं पत्र मिळालं. ओळी ओळींवर चढल्या आहेत, पण प्रत्येक अक्षर लागलं. तुमचा चार बघायला मिळाला नाही, एवढीच खंत.

दर महिन्याला तुम्ही मला रेडिओवरच्या गोष्टी सांगत होतात, हे कळल्यावर मला हसू आलं आणि माझी मलाच लाजही वाटली. तुम्ही माझ्याहून चांगल्या सांगता. पुढच्या फोनवर नवी ऐकीन, कुठून ऐकलीत तेही सांगायचं.

मी निघताना मागच्या दोन स्पीकरांचा आवाज अंदाजाने ठेवून आलो. माझी जागा उभ्याची होती, तुमची खुर्चीतली. त्या खुर्चीत तुम्ही एकटेच बसता, तेव्हा याचं उत्तर दुसऱ्या कुणाला देता येणार नाही. मागचा आवाज तुम्हाला कमी वाटतो की जास्त? डावा आणि उजवा सारखे येतात का? तुम्ही सांगाल तसं मी बदलायला सांगेन.

ताईला विचारत नाहीये. तुम्हाला विचारतोय.

गुंड्या